चौविहार आणि दंडावरचा सेन्सर

जळगावच्या दाणा बाजारात काय किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर काय, पेढीवर बसणाऱ्यांच्या मनगटावर हल्ली स्मार्टवॉच दिसते आणि ‘यात शुगरही कळते’ असे कौतुकाने सांगितले जाते. हे कौतुक जरा तपासून घ्यावे. त्वचेला न टोचता रक्तातील साखर मोजणाऱ्या कोणत्याही घड्याळाला वा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला आहे. साखर मोजतो तो दंडाच्या मागील बाजूस चिकटवलेला सेन्सर. त्याचा केसासारखा बारीक तंतू त्वचेखाली साधारण १४ दिवस राहतो आणि पेशींभोवतीच्या द्रवातील साखर सतत नोंदवतो. घड्याळ तो आकडा केवळ दाखवते.

एचबीए१सी म्हणजे सुमारे तीन महिन्यांचा ताळेबंद; सेन्सर म्हणजे रोजमेळ. ताळेबंद जुळला तरी मध्यंतरी एखाद्या रात्री गल्ला रिकामा पडला होता की नाही, हे रोजमेळच सांगतो.

आणि ती रात्र आपल्या घरांत महत्त्वाची आहे. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. नवकारशी येते सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी. चौविहार करणारा मनुष्य सुमारे १४ तास अन्नपाण्यावाचून असतो. निरोगी माणसास हे सहज पेलते. परंतु जो इन्सुलिन घेतो, अथवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतो, त्याची साखर पहाटे ७० च्या खाली उतरू शकते, आणि झोपेत ते कळतही नाही. सेन्सरचा गजर नेमका येथे उपयोगी पडतो. मात्र द्रवातील साखर रक्ताच्या काही मिनिटे मागे चालते, तसेच सेन्सरच्या कुशीवर झोपल्यास आकडा खोटाच खाली दिसतो. म्हणून शंका येताच बोटाच्या रक्ताने खात्री करावी. घाम, थरथर, गोंधळ अशी लक्षणे असतील तर खात्रीसाठीही थांबू नये, १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यावे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे.

‘मग पच्चक्खाण मोडले,’ असे म्हणत कित्येक वडीलधारी मंडळी सोसत राहतात. वास्तविक चौविहाराच्या पच्चक्खाणातच आगार सांगितलेले आहेत. त्यांतील सव्वसमाहिवत्तियागार हा, तीव्र पीडेने चित्ताची समाधी ढळू लागल्यास औषध घेण्याची मुभा देणारा आहे. आपण तो सूत्र म्हणताना रोज उच्चारतो आणि अर्थाकडे लक्ष देत नाही! पच्चक्खाण घेतानाच महाराजसाहेबांना आपला आजार सांगून ही गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. औषधाची मात्रा मात्र डॉक्टरांनीच, आणि तीही तपापूर्वी ठरवावयाची.

एक गोष्ट सेन्सरला दिसत नाही. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळीवर दीर्घ उपवास केल्यास शरीरात कीटोन साचू शकतात, आणि तेव्हा साखरेचा आकडा जवळपास ठीकच असतो. मळमळ, उलटी, धाप लागली तर आकडा पाहून निश्चिंत होऊ नये. तत्काळ दवाखाना गाठावा.

आयंबिलात गोष्ट उलटी होते. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर सुटते, म्हणून मधुमेहीस ते पथ्यच, असा समज आहे. पण ताटात मुख्यतः धान्यच उरते, आणि स्निग्धांश नसल्याने भात-इडलीची साखर झपाट्याने चढू शकते. मूग किंवा चण्याचे पदार्थ वाढवले तर किती फरक पडतो, हे ज्याचे त्याने पाहावे. चैत्र व आश्विनातील ओळी ९ दिवसांची. एका सेन्सरमध्ये ती पुरती बसते. सेन्सरला काही हजार रुपये लागतात, तेव्हा बारमाही लावणे प्रत्येकास परवडेलच असे नाही. ओळीसाठी वा पर्युषणासाठी लावला तरी खूप कळते.

सामायिकातील अडचण निराळी. त्या ४८ मिनिटांत अनेकजण बॅटरीचे घड्याळ उतरवून ठेवतात. दंडावरचा सेन्सर तसा काढता येत नाही. त्याविषयीही आधीच विचारून घ्यावे. फोन मात्र उपाश्रयाबाहेर बसलेल्या सुनेकडे किंवा नातवाकडे देता येतो. तो सेन्सरपासून ६ मीटरच्या आत असावा, नाहीतर गजर वाजणार नाही.