रुळावरच्या माणसाला गाडी का ऐकू येत नाही?

लोकलच्या दारातून नारिंगी जाकिटातली माणसं रोज दिसतात. गाडी आली की बाजूला होतात, गेली की पुन्हा पहार हाती घेतात. हे ट्रॅकमन. एवढी धडधडणारी गाडी त्यांच्यातल्या एखाद्याला वेळेत ऐकू येत नाही, हे कसं?

चाकांचा आवाज बराचसा बाजूला पसरतो, समोर कमी येतो. पूर्वी रुळांच्या सांध्यांवर चाकं आपटायची. आता रूळ सलग जोडलेले आणि इंजिनं विजेची. ताशी 100 किलोमीटर वेगाची गाडी अर्धा किलोमीटर अवघ्या 18 सेकंदांत कापते.

त्यातच कान थकलेले असतात. कानाच्या आत शंखासारख्या नळीत केसाळ पेशी असतात. आवाज आला की त्या गवतासारख्या डोलतात. माळावर एकदा पाय पडला तर गवत उभं राहतं. रोज त्याच वाटेनं चाललं तर तिथं पायवाट पडते. रूळ कापण्याच्या यंत्राचा कर्कश आवाज नेमकं हेच करतो. या पेशी पुन्हा उगवत नाहीत. आधी बारीक, उंच स्वर जातात. बोलण्यातले ‘स’, ‘श’ पुसट होतात.

कान झाकावेत, तर येणारी गाडीही झाकली जाते! म्हणून शिट्टी आणि झेंडा घेऊन फक्त गाडीवर नजर ठेवणारा माणूस टोळीसोबत हवाच. त्याला दुसरं काम देणं म्हणजे जिवाशी खेळ.

आवाजानं आलेला बहिरेपणा नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. ट्रॅकमननी कानांची तपासणी नियमित करून घ्यावी आणि तिचा कागद जपून ठेवावा.