भूकंप आणि माळवदाची घरे

पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तोललेली असून त्याने डोके हलविले की धरणीकंप होतो, असे मानणारी माणसे आता फारशी उरलेली नाहीत. शेषाची जागा सरकारी कागदपत्रांत ‘नैसर्गिक आपत्ती’ या शब्दाने घेतली आहे. हा शब्द शास्त्रीय वाटत असला तरी तो काम मात्र शेषाचेच करतो. आपत्ती नैसर्गिक ठरली की तिचा जबाब विचारायला कोणीच उरत नाही. वस्तुतः भूकंप नैसर्गिक असतो. त्यातून होणारा संहार तसा असतोच असे नाही.

जमीन का हलते याचे उत्तर पुष्कळसे मिळालेले आहे. पृथ्वीचे कवच अखंड नसून ते काही प्रचंड भूपट्टांचे बनलेले आहे आणि हे भूपट्ट सतत सरकत असतात. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे जात आशिया खंडाला रेटतो आहे. हिमालय या रेट्यातूनच उभा राहिला. मात्र भूपट्ट सरकतो म्हणून खडक लगेच सरकत नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक घर्षणाने एकमेकांना धरून ठेवतात, ताण सोसत वाकतात आणि घर्षणाचा जोर अपुरा पडला की एका झटक्यात सुटतात. वाकविलेली बांबूची काठी हातातून निसटावी, तसा हा प्रकार होय. 1906 च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर तेथील जमिनीच्या मोजणीवरून हॅरी रीड या शास्त्रज्ञाने ही उपपत्ती मांडली. शतकानुशतके साठलेली शक्ती काही सेकंदांत मोकळी होते. भूकंपाच्या मापनश्रेणीवर एका अंकाचा फरक म्हणजे शक्तीत सुमारे बत्तीस पटींचा फरक असतो, ही गोष्ट वृत्तपत्रांतील आकडे वाचताना बहुधा ध्यानात राहत नाही.

दख्खनचे पठार हिमालयापासून दूर आणि कठीण काळ्या पाषाणाचे. म्हणून ते निर्धोक आहे, अशी समजूत दीर्घकाळ होती. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरने ती मोडली. 6.3 तीव्रतेच्या त्या धक्क्यात सुमारे 180 माणसे मेली. शिवाजीसागर जलाशयात 1962 च्या सुमारास पाणी साठू लागल्यापासूनच तेथे लहान धक्के जाणवत होते. या धरणाने भूकंप ‘निर्माण’ केला, असे म्हणणे बरोबर नाही. ताण खडकात आधीच साठलेला होता. जलाशयाच्या ओझ्याने त्यात भर पडली. शिवाय फटीफटींतून खोल उतरलेल्या पाण्याच्या दाबाने खडकांची परस्परांवरील पकड सैल केली. सुटण्याच्या बेतात असलेली भेग त्यामुळे लवकर सुटली, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजली होती आणि चार वाजण्यास काही मिनिटे उरली असताना जमीन हादरली. तीव्रता कोयनेच्या भूकंपाएवढीच, किंबहुना किंचित कमी. तथापि मृतांची संख्या सरकारी आकड्यांनुसार जवळजवळ आठ हजार! निसर्गाने दोन्ही ठिकाणी साधारण सारखेच माप घातले असता हिशेबात चाळीसपटींहून अधिक फरक कोठून आला?

काही भाग वस्तीच्या दाटीचा. कोयनेचा डोंगराळ मुलूख विरळ वस्तीचा होता. परंतु मुख्य उत्तर छपरात आणि भिंतीत आहे. मुसळधार पावसाच्या कोयना खोऱ्यात मातीचे छप्पर टिकणारच नाही. लातूर–उस्मानाबादच्या कोरड्या, उन्हाळी प्रदेशात मात्र माळवद हीच रीत. लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर, आणि तो गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी आणखी माती. खाली दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंती. दिसायला किल्ल्यासारख्या, परंतु आत व बाहेर दगडाचे दोन पदर, मध्ये भर आणि सांधायला चिखल, अशी त्यांची रचना. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड क्वचितच. धक्का बसताच पदर सुटले, भिंती फुटल्या आणि टनावारी माती निजलेल्या माणसांवर आली. मातीखाली गुदमरूनही पुष्कळ जण गेले. उलट गवती छपराच्या झोपड्यांतील माणसे बरीच वाचली. भारदस्त घर ही पतीची खूण. येथे तीच प्राणघातक ठरली. दारिद्र्य सर्वत्र घातक असते, या ठोकताळ्याला येथे छेद जातो.

एरवी हा ठोकताळा खरा आहे. 2010 च्या जानेवारीत हैती या दरिद्री देशात 7.0 तीव्रतेच्या भूकंपाने लाखाहून अधिक बळी घेतले. पुढच्याच महिन्यात चिली देशात 8.8 तीव्रतेचा, म्हणजे सुमारे पाचशे पट शक्तीचा भूकंप झाला. तेथे समुद्राच्या लाटांचे बळी धरूनही मृतांची संख्या पाचशेच्या आसपास राहिली. 1960 चा महाभूकंप सोसलेल्या चिलीने बांधकामाचे कडक नियम केले होते आणि, महत्त्वाचे म्हणजे, ते पाळले होते.

आपल्याकडे नियम नव्हते असे नाही. भूकंपरोधक रचनेचे भारतीय मानक 1962 सालचे आहे. त्यासोबतचा धोक्याचा नकाशा मात्र बहुधा आपत्तीच्या मागून चालत आला. 1993 मध्ये किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होती. पुढे 2002 च्या नकाशात ती तिसऱ्या विभागात गेली. आदल्याच वर्षी, 1992 च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, त्या परिसराने लहान धक्क्यांची मालिका अनुभवली होती. ती थांबली आणि लोक पुन्हा घरात निजू लागले. अशी मालिका मोठ्या भूकंपाची नांदी आहे की नुसतीच कुरकुर, हे आजचे शास्त्रही आधी सांगू शकत नाही. म्हणूनच भाकिताची वाट पाहण्यापेक्षा भिंतीकडे पाहणे शहाणपणाचे आहे.

भिंत सुधारण्याचे तंत्र अवघड नाही: चौकटीच्या वर सलग काँक्रीटचा पट्टा, कोपरे नीट बांधणे, दर थोड्या अंतरावर आरपार दगड आणि माथ्यावरचे ओझे कमी करणे. अडचण आहे ती खर्चाच्या स्वरूपाची. तो आज, रोख करावा लागतो आणि त्याचा लाभ कदाचित शंभर वर्षांनी, कदाचित कधीच दिसत नाही. सावकाराच्या व्याजाने घर बांधणारा माणूस हा हिशेब करून पट्टा वगळतो. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. परंतु 26 जानेवारी 2001 रोजी भूकंपकेंद्रापासून अडीचशे किलोमीटरवरील अहमदाबादेत ज्या बहुमजली इमारती कोसळल्या, त्या काही अडाण्यांनी बांधल्या नव्हत्या. मोटारी ठेवण्यासाठी तळमजला भिंतींविना मोकळा सोडलेल्या इमारतींचे पाय कोलमडले. कच्छ तर नकाशात आधीपासूनच सर्वाधिक धोक्याच्या विभागात होते. तेथे ज्ञानही होते आणि नियमही. नियमाची तपासणी करणारा मात्र नव्हता.

खाजगी घरमालकाला निदान कर्जाची सबब आहे. शाळा, दवाखाना, ग्रामपंचायतीची कचेरी यांचे मालक सरकारच असल्याने तेथे ती चालत नाही. 2001 च्या त्या सकाळी प्रजासत्ताक दिन असल्याने कच्छमधील अनेक शाळांची मुले वर्गाबाहेर होती, म्हणून कोसळलेल्या छपरांखालून बचावली. अंजार येथे मात्र संचलन करीत अरुंद गल्लीतून निघालेली दीडशेहून अधिक मुले आणि त्यांचे शिक्षक दोन्ही बाजूंची घरे अंगावर पडून गेले.