गुडघेदुखीच्या केसपेपरमागे

साठी उलटलेली बाई नवरा मारतो म्हणून पोलीस ठाण्याची पायरी सहसा चढत नाही. बीपी, गुडघे, झोप लागत नाही, या तक्रारी घेऊन दवाखान्यात मात्र येते. त्याला घरातून हरकत नसते. वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयातल्या ‘दिलासा’ या घरच्या हिंसेत सापडलेल्या बायकांसाठीच्या केंद्राने हे हेरलं. मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने मिळून २००० साली ते सुरू केलं. पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही केंद्रं निघाली.

कामाची खरी मेख ओपीडीत आहे. ‘न्हाणीघरात घसरले’ असं ऐकलं की टाके घालून घरी पाठवायची जुनी रीत. इथे नर्सला आणि डॉक्टरला शिकवलं जातं की, वळ कुठे आहेत ते बघा, सोबतच्या माणसाला जरा बाहेर बसवा, मग विचारा. जखम आणि बाईने सांगितलेलं कारण कागदावर नीट उतरवा; कोर्टात तोच पुरावा होतो. समुपदेशक ‘घर सोडा’ म्हणत नाही. मारहाण वाढली तर रात्री कुणाचं दार वाजवायचं, आधार, पासबुक आणि रोजच्या गोळ्या कुठे ठेवायच्या, हे ठरवून घेते.

वयस्क बाईचा पेच निराळा. घर आणि पेन्शन नवऱ्याच्या नावावर. मुलं म्हणतात, ‘आता काय राहिलंय, घ्या सांभाळून.’ निवारागृहात बिछाना मिळेलही, पण चाळीस वर्षांचा संसार टाकून तिथे जायला ती धजत नाही, आणि मला तरी त्यात तिचं काही चुकतंय असं वाटत नाही. परमुलखात भाषेची अडचण वर. अमेरिकेतल्या डिअरबॉर्नला अरब स्थलांतरितांसाठी १९७१पासून काम करणारी ‘ॲक्सेस’ ही संस्था म्हणूनच लक्षात राहते: आरोग्य केंद्र आणि घरच्या हिंसेत सापडलेल्या बायकांना मदत, दोन्ही तिच्याकडे आहे.

आपल्याकडे, समजा जबलपूरच्या घमापूर वस्तीतल्या एखाद्या आजीला, महिला हेल्पलाइनचा १८१ हा क्रमांक आहे, अशा बायकांना एकाच जागी मदत देणारं जिल्ह्याचं वन स्टॉप सेंटर आहे. शिवाय २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने रुग्णालयांवरही अशा बाईला उपचार देण्याची जबाबदारी टाकली आहे. पण ही दारं तिला दाखवणार कोण? गुडघे तपासणाऱ्यानेच दाखवली तर बरं.

या २००५च्या कायद्याला वयाची अट नाही. तो अमलात आला २६ ऑक्टोबर २००६ रोजी. जुलै २००५मध्ये, म्हणजे त्याच्याही आधी, घराबाहेर काढलेल्या एका बाईचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी २०१२मध्ये निकाल लागला तेव्हा ती ६३ वर्षांची होती. लग्नाला ३१ वर्षं उलटलेली, मूलबाळ नाही. न्यायालयाने महिन्याला एकूण १० हजार रुपये आणि नवऱ्याच्याच घराचा एक भाग तिला द्यायला लावला. त्या भागातलं सामानसुमान तिच्या पसंतीचं असावं, असंही निकालात लिहिलं.