भंडाऱ्याचा पिवळा

सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते, त्या दिवशी जेजुरी गडावर पायऱ्या, दीपमाळा, माणसांची डोकी, सगळं भंडाऱ्याने, म्हणजे उधळलेल्या हळदीच्या पुडीने, पिवळं झालेलं असतं. मी सोमवतीला तिथे फोटो काढायला जातो. शेजारी उभी असलेली हौशी मुलं कॅमेऱ्याचा स्क्रीन दाखवत विचारतात, ‘दादा, फोटो उजळ आलाय, मग भंडारा असा लिंबासारखा फिक्कट का दिसतो?’

प्रश्न अगदी नेमका आहे, कारण एक्स्पोजरचं मर्मच त्यात आहे.

कॅमेऱ्यातलं मीटर समोरून परत येणारा प्रकाश मोजतं आणि त्याची सरासरी मध्यम करड्यावर आणू बघतं, म्हणजे सुमारे 18 टक्के प्रकाश परतवणाऱ्या पृष्ठभागावर. नवे कॅमेरे चेहरे ओळखतात, तरी मूळ कल तोच. गडावर अर्धी फ्रेम काळसर दगडाची असते. मीटर त्या दगडाला उजळवायला जातं आणि उन्हात उधळलेला भंडारा जळतो.

जळतो म्हणजे काय होतं? सेन्सरच्या प्रत्येक बिंदूची प्रकाश साठवायची मर्यादा असते. ती गाठली की पुढचा प्रकाश नोंदलाच जात नाही. हळद लाल आणि हिरवा प्रकाश भरपूर परतवते, निळा बराचसा शोषते. फोटोत आधी लाल काठोकाठ भरतो, हिरवा मात्र वाढतच राहतो. दोघांतलं प्रमाण बिघडलं की हळदीची ती तांबूस झाक जाते आणि उरतो सपाट, लिंबू रंग. कण दिसत नाहीत, नुसता डाग दिसतो.

म्हणून स्क्रीनवरच्या चित्रावर विसंबू नका. उन्हात तो स्क्रीन काहीच धड सांगत नाही. हिस्टोग्राम बघा, तोही लाल, हिरवा, निळा असा वेगवेगळा. एकत्रित आलेखात हिरव्याचं वजन जास्त धरलेलं असल्यामुळे लाल उजव्या भिंतीला धडकलेला असतानाही सगळं आलबेल दिसतं. लाल भिंतीला टेकला की मी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एकवर, म्हणजे एक स्टॉप खाली नेतो; प्रकाश निम्मा होतो. दगड आणि चेहरे काळवंडतात, पण रॉ फाइलमध्ये ते नंतर उचलता येतात. सावल्यांत थोडे रंगीत दाणे येतात, ते मला चालतात. जळालेला लाल कुठल्याच सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. फार तर अंदाजाने भरता येतो.

हा निम्मा प्रकाश कुठून कमी करायचा, हेही ठरवावं लागतं. अ‍ॅपर्चर एफ 5.6 वरून 8 वर नेलं तरी प्रकाश निम्मा होतो, शटर 1/500 वरून 1/1000 वर नेला तरी तेवढाच. मी शटर धरतो. 1/1000 ला हवेतले कण सुटे दिसतात. 1/60 ला त्याच भंडाऱ्याचा धूर होतो. दोन्ही सुंदर, पण मला कण हवे असतात.

सगळंच वाचवायचा हट्टही नको. देवळासमोरच्या पितळी कासवाच्या पाठीवर ऊन पडलं की तिथला एखादा ठिपका पांढरा होणारच. तो मी होऊ देतो. त्या ठिपक्यासाठी आणखी दोन स्टॉप खाली गेलो, तर कासवावर भंडारा उधळणाऱ्या म्हातारीचा चेहरा अंधारात जाईल.