वरच्या गावाला कोण विचारणार?

मेलरोज (स्कॉटलंड), जुलै

परदेशातल्या नद्या नीटनेटक्या असतात, कारण तिकडे सरकारकडे पैसा आहे आणि कायदा कडक आहे, असा आपल्याकडे पक्का समज आहे. आमच्या गावी, वसईजवळच्या जूचंद्रला फोन केला की धाकटा भाऊही हेच ऐकवतो, ‘ताई, तुमच्याकडे एक तक्रार केली की झालं.’ ट्वीड नदीच्या काठी राहायला आल्यावर माझा तरी हा समज गळून पडला.

कायदा इथे आहे, पण आपण समजतो तसा नाही. स्वतःच्या परसात जपानी नॉटवीड हे परकं तण माजलं म्हणून कोणी दंड करायला येत नाही. ते रानात पसरवलंत तर गुन्हा. रुळांच्या कडेची जागा इथेही दुर्लक्षितच असते. वेल्समधल्या माएस्तेगच्या दोन घरमालकांच्या घरांमागच्या रेल्वेच्या जागेतलं नॉटवीड त्यांच्या भिंतींना येऊन भिडलं, तेव्हा त्यांना नेटवर्क रेलविरुद्ध कोर्टात जावं लागलं आणि 2018 साली अपील कोर्टात ते जिंकले. वसई-दिवा लाइनच्या दोन्ही बाजूंची घाणेरी आणि सुबाभूळ बघत लहानाची मोठी झालेल्या मला ही बातमी अगदी घरची वाटली.

नॉटवीडसारखी ही झाडं इथल्या लोकांनी हौसेने आणलेली आहेत, हेही सांगायला हवं. कॉकेशसमधलं जायंट हॉगवीड एकोणिसाव्या शतकात बागेची शोभा म्हणून आलं. ते माणसाच्या तिप्पट उंच होतं, एकेका झाडाला हजारो बिया धरतात आणि त्या पाण्यावर तरंगत खाली जातात. त्याचा चीक अंगाला लागला आणि वर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. ट्वीडचे काठ या झाडाने इतके भरले होते की सामन मासा धरायला येणाऱ्यांना पाण्यापर्यंत पोहोचता येईना.

आता ही नदी कशी आहे पाहा. लांबी सुमारे 156 किलोमीटर. उगम स्कॉटलंडमध्ये, मुख इंग्लंडमध्ये बेरिकला, आणि मधला काही भाग असा की डावा काठ एका देशाचा, उजवा दुसऱ्या देशाचा. दोन्हीकडचे कायदे वेगळे, पर्यावरण खाती वेगळी. त्यात शेतकरी, जमीनदार, कौन्सिलं, आणि मासेमारीच्या एकेका टप्प्याचे हक्क वेगळ्याच कोणाकडे. इतक्या मालकांची नदी आपल्याकडे असती तर आपण हात टेकले असते. इथे ‘ट्वीड फोरम’ नावाची धर्मादाय संस्था आहे. तिला दंड करायचा किंवा नोटीस बजावायचा काहीही अधिकार नाही. 2002 पासून ती या हॉगवीडच्या मागे लागलेली आहे. पद्धत साधी आहे. दोन्ही देशांच्या खात्यांना आणि मालकांना एका टेबलाशी बसवायचं, काम वरच्या अंगाने सुरू करून खाली यायचं, आणि पुढच्या वसंतात परत पहिल्या टप्प्यावर जायचं, कारण मातीतलं बी काही वर्षं जिवंत राहतं.

ऐकायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात काय लागतं ते मी आमच्या बाजूच्या एका ओढ्यावर पाहिलं. तिथे हॉगवीड नव्हतं, हिमालयन बाल्सम होतं. गौरीला आपण जो तेरडा आणतो त्याच्याच कुळातलं, पश्चिम हिमालयातून 1839 साली इथे आलेलं, डोक्याएवढं उंच आणि गुलाबी फुलांचं. शेंग पिकली की बोट लागताच फुटते आणि बी कित्येक फूट उडतं. हा खेळ आम्ही लहानपणी तेरड्याच्या शेंगांशी खेळायचो. म्हणून ते उपटताना पहिल्यांदा माझा हात अडखळला. पण त्याच्याखाली दुसरं काही उगवत नाही, आणि थंडीत ते मरून गेलं की उघडा पडलेला काठ पाण्याबरोबर वाहून जातो.

गावातले पंधरावीस जण जमले होते. समन्वयाचं काम बघणाऱ्या बाईंनी आधी सगळ्यांना उपटायचं कसं ते दाखवलं. रोप बुंध्याशी धरायचं, मुळासकट ओढायचं, मूळ आणि खोड मोडून वेगळं करायचं, आणि ढीग पाण्यापासून लांब, कोरड्या जागी घालायचा, नाहीतर पेराला पुन्हा मुळं फुटतात. त्यांच्या हातात ओढ्याचा नकाशा होता. प्रत्येक तुकड्यावर मालकाचं नाव, फोन, गेल्या वर्षी कोण आलं होतं, फाटकाची किल्ली कोणाकडे, कुत्रा मोकळा असतो की बांधलेला, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं.

वरच्या अंगाला एक मेंढपाळ शेतकरी होता. तो कोणालाही आत येऊ देत नव्हता. त्याचा तुकडा राहिला तर खालच्या सगळ्यांची मेहनत पाण्यात जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. बाईंनी त्याला कायदा दाखवला नाही. कुंपणाशी उभ्या राहून त्या त्याच्याशी कोकरांच्या भावाबद्दल बोलल्या, गेल्या पुरात त्याचा किती काठ खचला ते विचारलं, आणि निघून आल्या. पुढच्या आठवड्यात परत गेल्या. तिसऱ्या खेपेला त्याने स्वतः फाटक उघडलं आणि आमच्याबरोबर उपटायलाही आला. या बाल्समचं बी जमिनीत दीडदोन वर्षांपलीकडे फारसं टिकत नाही. वरून पुन्हा आलं नाही तर दोनतीन हंगामांत ओढा मोकळा होतो. ज्या मोठ्या नद्यांवर हाताने उपटणं शक्य नाही, तिथे 2014 पासून हिमालयातूनच आणलेली तांबेऱ्याची बुरशी सोडून पाहतायत.

मला हेवा वाटतो तो त्या नकाशाचा. पैशाचा नाही.

कारण पैसा आपणही खर्च करतो. माझ्या मावशीच्या गावच्या तळ्यात जलपर्णी माजली की उन्हाळ्यात टेंडर निघतं, मशीन येतं, फोटो निघतात. काढलेली जलपर्णी काठावरच टाकतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात तिच्यातली निम्मी परत तळ्यात. ज्या नाल्यातून ती तळ्यात येते तो नाला दुसऱ्याच्या हद्दीत असतो. त्याला विचारायचं काम कोणाचंच नाही. जलपर्णी अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि मातीतलं तिचं बी कित्येक वर्षं टिकतं. मे महिन्यातलं टेंडर तिला कसं पुरं पडणार?

उल्हास नदीचं बघा. कर्जत, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण करत तिचं पाणी शेवटी आमच्या वसईच्या खाडीला येतं. खाऱ्या पाण्यात जलपर्णी जगत नाही म्हणून आम्ही जूचंद्रकर वाचलो, पण वर मोहोन्याजवळ दर उन्हाळ्यात ती पात्र झाकून टाकते. तिला पोसतं ते वरच्या शहरांचं सांडपाणी. नदीवर नगरपालिका, महापालिका, ग्रामपंचायती, जलसंपदा खातं, एमआयडीसी, जीवन प्राधिकरण आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ. पुण्यातली मुळा तर आणखी सोपी गोष्ट. एका काठाला पुणे महापालिका, समोर पिंपरी-चिंचवड, दोन्हीकडे मराठीच बोलतात. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात शेकडो वर्षं लढाया झाल्या, तरी एका तणासाठी ते एकत्र बसले. आपल्याला एका नदीच्या दोन काठांनी एकाच आठवड्यात काम सुरू करणं जमू नये, याचा मला राग येतो.

हे आपल्या रक्तात नाही, असं कोणी म्हणू नये. मिठागरं आणि खारजमिनींच्या कडेला वाढलेल्या माणसाला ठाऊक आहे, बांधाला खांड गेली की कोणाच्या शेताला लागून गेली हे विचारत बसत नाहीत. भरती परत यायच्या आत सगळं गाव चिखलाची ढेकळं घेऊन धावतं, कारण पाणी आत आलं तर सगळ्यांचंच मीठ आणि भात जाणार. आणि सरकारी पातळीवरचं उदाहरण हवं असेल तर बंगालचं घ्या. तिथे 1936 साली जलपर्णीसाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत पक्षांनी तिच्या निर्मूलनाची आश्वासनं दिली. आज कोणत्या पक्षाच्या जाहीरनाम्यात तण असतं?

नवा कायदाही लागणार नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती बंधनकारक केली आहे. वन्यजीव कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीने परक्या आक्रमक प्रजातींची व्याख्या कायद्यात आणली. वसई-विरार महापालिका 2009 साली झाली तेव्हा आमच्यासारख्या गावांच्या ग्रामपंचायती गेल्या, पण गावकी राहिली, आणि वॉर्डातली माणसं एकमेकांना नावाने ओळखतात. पेन्सिलीचा तो नकाशा काढायला याहून जास्त काय हवं?

तेव्हा जूचंद्र, नायगाव, बदलापूर, कल्याण, जिथे कुठे हे पत्र वाचत असाल तिथल्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या पालिकेची जैवविविधता समिती शेवटची कधी बसली आणि वरच्या गावाच्या समितीला तिने बोलावलं होतं का, एवढं लेखी विचारा. दिवाळीनंतर, पाणी संथ होऊन जलपर्णी फुगायच्या आधी, उल्हासकाठच्या सगळ्या समित्या एकत्र बसवा. मशीनच्या भाड्यातला थोडा पैसा काढून पूर्ण नदीसाठी एक समन्वयक नेमा, पाच वर्षं त्याची बदली करू नका, आणि काम कर्जतपासून सुरू करा.