बिस्किटाच्या तळाशी

घरी बिस्किटं भाजायला लागलेल्या मंडळींच्या गप्पा लोण्यावर, मैद्यावर आणि ओव्हनवर रंगतात. ट्रेवर अंथरायच्या कागदाचा विषय निघाला, तर तो बहुधा मीच काढलेला असतो. नानकटाई जमली की नाही, हे आपल्याकडे वरच्या भेगांवरून ठरवतात. मी ती आधी उलटी करून पाहते. घरच्या छोट्या ओव्हनमध्ये खरी परीक्षा तळाची असते आणि तळ सांभाळायला बेकिंग पेपरसारखा दुसरा सोबती नाही.

आपल्या ओटीजीत, म्हणजे या छोट्या ओव्हनमध्ये, खालची सळई ट्रेच्या अगदी जवळ असते. त्यात सोबत मिळणारा ट्रे बहुतेक वेळा काळा. काळा पृष्ठभाग उष्णता भराभर शोषतो आणि तितक्याच भराभर पिठाला देतो. वरून नानकटाई अजून पांढुरकी दिसत असते, तेव्हा खालून ती करपायला लागलेली असते. मधे कागद आला की पीठ धातूला थेट टेकत नाही, तळ जरा सबुरीने रंगतो. ओव्हन फारच तापट असेल, तर एकावर एक दोन ट्रे ठेवून वर कागद घालावा.

ट्रेला तूप फासायची जुनी पद्धत बिस्किटांपुरती तरी सोडून द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पिठातलं तूप ३५ अंशांच्या आसपासच वितळतं. म्हणजे पीठ आतून घट्ट व्हायच्या कितीतरी आधी ते पसरायला लागतं. खाली आणखी तुपाचा थर असला की ते घसरत जातं, कडा पातळ होतात, तळल्यासारख्या लाल होतात. कागदावर पिठाला बेताची पकड मिळते आणि गोल गोलच राहतो. शिवाय साखरेचा पाक खाली झिरपून थंड होताना धातूला घट्ट धरतो. कागदाला तो धरू शकत नाही.

का धरू शकत नाही, हा माझा सर्वांत आवडता भाग. साधा कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचं जाळं, मधे असंख्य छिद्रं. पार्चमेंट, म्हणजे बेकिंग पेपरचा मूळ कागद, करताना हा साधा कागद काही क्षण तीव्र सल्फ्युरिक आम्लातून नेतात. तंतू फुगतात, त्यांचा पृष्ठभाग जेलीसारखा होतो आणि छिद्रं त्यातच बुजून जातात. लगेच पाण्याने धुऊन, उरलेलं आम्ल मारून कागद वाळवतात. जे आम्ल कागदाचा कोळसा करू शकतं, तेच काही क्षणांच्या हिशेबात त्याला बळकट करून जातं! असा कागद भिजला तरी लगदा होत नाही, तूप आरपार जाऊ देत नाही. बेकिंगच्या कागदावर वरून सिलिकोनचा अतिशय पातळ थर चढवून तो पक्का करतात. पीठ सुटतं ते या थरामुळे.

इतिहास थोडक्यात सांगायचा तर, कातडी ताणून वाळवून केलेल्या चर्मपत्रावर, म्हणजे मूळ पार्चमेंटवर, युरोपात शतकानुशतकं लिहिलं गेलं. १८४७ मध्ये पुमारेद आणि फिग्ये या फ्रेंच रसायनज्ञांनी आम्लाने कागदाला तसं रूप दिलं. पुढे हा कागद लोणी गुंडाळायला वापरात आला आणि सिलिकोन आल्यावर ओव्हनमध्ये शिरला.

आपल्याकडे नानकटाई यापेक्षा जुनी. सुरतेत डच वखारीतल्या लोकांसाठी चालणारी बेकरी ते गेल्यावर दोतीवाला या पारशी गृहस्थांकडे आली आणि तिथेच नानकटाई घडली, असं सांगतात. सुरतेला गेले तेव्हा ती मुद्दाम शोधून खाल्ली. तळ एकसारखा फिका सोनेरी! आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी मैदा, साखर आणि डालडा घेऊन गल्लीतल्या बेकरीत रांग लागायची. मोठ्या भट्टीची ऊब सगळीकडून सारखी यायची, म्हणून तिथे कागदाची उणीव भासली नाही. कोकणातल्या पानगीला मात्र भासली असती, आणि तिथल्या बायकांनी ती केळीच्या पानाने भागवली. खाली पान, वर पान, मधे तांदळाचं पीठ. तव्याला काही चिकटत नाही आणि पानाच्या शिरा पानगीवर उमटतात. इतकं देखणं काम कागदाला जमायचं नाही.

आता खरेदीचं. बटर पेपर म्हणून दुकानात जे काही मिळतं, ते सगळं ओव्हनचं नसतं. काही कागद नुसते गुंडाळायचे असतात, काहींवर मेण असतं आणि ते गरम ट्रेवर वितळतं. पुडक्यावर सिलिकोनचा आणि तापमानाचा उल्लेख बघूनच घ्यावा. चांगला कागद साधारण २२० अंशांपर्यंत टिकतो, नानकटाईला १६० ते १८० पुरतात. पांढरा घ्या की तपकिरी, भाजण्यात फरक नाही. ट्रेच्या मापाने कापा. कडा वर वळून सळईला लागता कामा नयेत. गुंडाळी उलगडून परत वळत असेल, तर कागद चुरगाळून पुन्हा सपाट करा, आणि कोपऱ्यांखाली तुपाचं बोट लावा.

दिवाळीच्या घाण्याला याचा मोठा उपयोग होतो. पहिला ट्रे आत असताना पुढचे गोळे दुसऱ्या कागदावर मांडून ठेवता येतात. भाजलेली बिस्किटं कागदासकट जाळीवर सरकवायची. मात्र ट्रे निवल्याशिवाय नवा कागद त्यावर ठेवू नका, नाहीतर ओव्हनमध्ये जायच्या आधीच तूप सुटायला लागतं. कागद फेकायची घाई नको. काळपट आणि कडकडीत होईपर्यंत तो चार घाणे सहज देतो.

तुपाचा ट्रे सोडवत नसेल त्यांनी यंदा अर्ध्या ट्रेला तूप लावावं, अर्ध्यावर कागद घालावा, आणि एकाच पिठाचे गोळे दोन्हीकडे ठेवून एकदम भाजावेत. घरातल्यांना न सांगता दोन्ही ताटलीत वाढा आणि आधी कोणती संपतात ते बघा.