लिनक्स शिकायचंय? पुस्तक मागवण्याआधी हे वाचा

गोंडपिपरीत बसून लिनक्सचं जाडजूड पुस्तक ऑनलाइन मागवलं आणि ते जुनं निघालं, तर पैसे पाण्यात. मग पुस्तक निवडायचं कसं?

उबुंटूची नवी आवृत्ती दर ६ महिन्यांनी येते. त्यामुळे फक्त उबुंटूवरची पुस्तकं लवकर जुनी होतात. पण एलएस, सीपी, ग्रेप या कमांड लिनक्सच्याही (१९९१) आधीच्या, युनिक्सच्या काळातल्या आहेत. म्हणून आधी कमांड शिकवणारं पुस्तक घ्या. विल्यम शॉट्स यांचं ‘द लिनक्स कमांड लाइन’ पीडीएफमध्ये मोफत मिळतं. एकदा डाउनलोड केलं की रेंज नसली तरी अडत नाही. इंग्रजी जड जातंय? सोबत आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे मराठी व्हिडिओ बघा. आणि प्रत्येक कमांड स्वतः टाइप करा; नुसतं वाचून लिनक्स येत नाही.